नानांची लाल रेघ

शोभनाबाईंनी लग्नानंतर कधी नखं रंगवली नाहीत. तरी इंदूरला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळच्या एका बांगड्यांच्या दुकानात त्यांच्या नावाने लाल नेलपॉलिशची बाटली बाजूला काढून ठेवलेली असे. ती आणायला नाना पोतनीस जात. त्यांना एकच छटा लागे. बाटली उघडून ब्रश कागदावर ओढून बघितल्याशिवाय ते ती खिशात टाकत नसत. आधीच्या बाटलीची रेघ ओढलेला कागद ते सोबत आणत आणि दोन्ही रेघा दुकानाबाहेरच्या उन्हात शेजारी धरत. दुकानदाराला अकरा वर्षांत याचं कारण विचारावंसं वाटलं नाही. बायकोची हौस म्हणून त्याने ते सोडून दिलं असावं.

नेलपॉलिश विमानासाठी होतं.

शहराबाहेर राऊला, जिथे आता चारी बाजूंनी कॉलन्या आल्या आहेत, तिथे नानांचा एक प्लॉट होता. त्यावर पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये दोन जणांनी बसायचं एक विमान होतं. नानांनी ते नकाशावरून स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. प्रत्येक बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळून झाला की ते बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढत. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. कारखान्यांत ही पद्धत जुनीच आहे, तिथे पिवळा रंग वापरतात. नानांचं म्हणणं, पिवळा रंग कोणत्याही गॅरेजमध्ये मिळतो. कोणीही बोल्ट उघडेल, पुन्हा लावेल, वर पिवळी रेघ ओढेल आणि निघून जाईल. ही छटा मात्र दुसऱ्या कोणाकडे नसणार.

कोण कशाला उघडेल, असं शोभनाबाईंनी एकदा विचारलं होतं. त्यावर नाना म्हणाले की, ते जर आधी कळलं असतं तर रेघ कशाला ओढली असती.

नानांचे वडील मिलमध्ये कारकून होते. मिल बंद झाली तेव्हा फाटकावर नोटीस लागली, त्यात काम तात्पुरतं थांबवल्याचं लिहिलं होतं. वडिलांनी आयुष्यभर अशाच नोटिसा स्वतः टाइप केल्या होत्या, त्यामुळे त्यांना ती खरी वाटली. चौदा महिने ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत जात आणि परत येत. नाना तेव्हा पीथमपूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात नुकतेच लागले होते. त्यांना काम मिळालं ते तयार इंजिनं तपासण्याचं. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. काचेच्या पलीकडे इंजिन पूर्ण ताकदीने चालायचं आणि अलीकडे नाना कानात बोळे घालून उभे असायचे. बोळे काढून ऐकायची सवय त्यांना पुढे लागली. त्यांच्या सहीशिवाय इंजिन बाहेर जात नसे. त्यांनी परत पाठवलेल्या इंजिनांमुळे बरेच लोक त्यांच्यावर चिडून असत, आणि हे नानांना काम नीट चालल्याचं लक्षण वाटे.

विमानातही त्यांनी कोणावर विसंबायचं नाही असं ठरवलं. नकाशात जिथे एका जाडीचा पत्रा सांगितला होता तिथे त्यांनी त्याहून जाड लावला, कारण पत्रेवाला सांगतो ती जाडी खरी असेल याची खात्री नव्हती. जिथे चार रिव्हेट होते तिथे सहा मारले. दहा वर्षांनी विमान वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा ते ठरल्यापेक्षा पुष्कळ जड भरलं. कॅप्टन यशवर्धन राठौड तेव्हा शेजारी उभे होते. त्यांनी खिशातला कागद काढून हिशोब केला आणि म्हणाले, "नाना, आपने तो टैंक बना दिया."

कॅप्टन महूला राहत. उमेदीची वर्षं त्यांनी छोटी विमानं उडवण्यात आणि दुसऱ्यांना शिकवण्यात घालवली होती. लहानपण इंदूरच्या मराठी गल्लीत गेल्यामुळे ते मराठी बोलत, पण वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवत, किंवा उलट. त्यांनी समजावलं की इंदूर मुळातच उंचावर, त्यात उन्हाळ्यात हवा आणखी पातळ होते. या वजनाला साधं इंजिन पुरणार नाही. टर्बो लागेल.

टर्बो म्हणजे काय हे नानांना कोणी सांगायला नको होतं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, ते चक्र दुसरं चक्र फिरवतं, आणि दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा पातळ असली तरी इंजिनाला ते कळत नाही. मात्र दाब फार वाढला तर इंजिन फुटेल, म्हणून धुराच्या वाटेवर एक झडप असते, ती उघडली की धूर चक्राला वगळून बाहेर जातो. झडप किती उघडायची हे एक इलेक्ट्रॉनिक डबा ठरवतो, आणि डब्याला दाब कळतो तो बोटाहून बारीक अशा एका रबरी नळीतून. नानांना त्या नळीचाच पहिल्यापासून राग होता. एवढ्या मोठ्या यंत्राने एका नळीचं ऐकावं हे त्यांना पटत नव्हतं.

इंजिन ऑगस्टमध्ये आलं. दक्षिणेतल्या एका बंद पडलेल्या उड्डाण शाळेकडून ते लाकडी खोक्यातून आलं. नानांनी खोक्याचे खिळे मोजले, मग कागदपत्रांवरचे आकडे इंजिनावरच्या आकड्यांशी तीनदा ताडून पाहिले. सगळं जुळत होतं. जुळतं आहे म्हणून त्यांनी चौथ्यांदा पाहिलं.

सप्टेंबरभर इंजिन बसवण्याचं काम चाललं. जोडायच्या राहिलेल्या प्रत्येक तोंडावर नानांनी लाल प्लास्टिकची टोपणं बसवली होती, धूळ किंवा किडा आत जाऊ नये म्हणून. टोपणं तेवीस होती. शेड बंद करताना ते ती मोजत.

खंडेनवमीला इंजिनाची पूजा झाली. पोतनीसांच्या घरात रीत होती की पूजेला हत्यार झाकलेलं ठेवायचं नाही. कात्री उघडी ठेवायची, सुरी म्यानातून काढायची. वडील तर आपल्या सगळ्या पेनांची टोपणं काढून ती ओळीने पाटावर मांडत. नानांनी त्या सकाळी तेवीसही टोपणं काढून एका ताटलीत ठेवली. शोभनाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या तर नानांनी त्यांना शेडच्या दारातच थांबवलं, पायाला माती असेल म्हणून. ताट त्यांच्या हातातून घेऊन हळदकुंकू, फुलं, अक्षता सगळं त्यांनी स्वतः वाहिलं. शोभनाबाईंनी दारातून मोबाइलवर फोटो काढला आणि पुण्याला मुलाला, हृषीकेशला पाठवला. कॅप्टन पेढे घेऊन आले होते, त्यांनाही दारातच खावे लागले. मग नानांनी फुलं वेचून घेतली, इंजिन पुसलं, टोपणं मोजून परत लावली. तेवीस भरली.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला इंजिन पहिल्यांदा सुरू झालं.

विमानाची शेपूट पोलादी दोराने जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या खांबाला बांधली होती. चाकांपुढे ठोकळे. कॅप्टन आत बसले, नाना बाहेर पंखाच्या टोकाशी नोंदवही घेऊन उभे राहिले. शेजारच्या कॉलनीतल्या बाल्कन्यांमध्ये लोक जमले. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वर्षांपासून चर्चा होती की पोतनीसच्या शेडमध्ये काहीतरी गडबड आहे, आणि एकदा एक हवालदारही येऊन गेला होता. त्याने विमानाभोवती दोन फेऱ्या मारून विचारलं होतं की भिया, हे सही में उडणार का. नानांनी त्यालाच विचारलं की तुम्हाला कोणी पाठवलं.

इंजिन हळू चालत होतं तोवर आवाज चांगला होता. कॅप्टननी थ्रॉटलची मूठ पुढे ढकलली. पत्र्याची शेड थरथरली, वाळलेली पानं मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. दाबाचा काटा एकोणचाळीसवर गेला, जिथे तो जायला हवा होता, आणि दहा सेकंद तिथे राहिला. मग बेचाळीसवर गेला. मग एकदम तेहेतीसवर पडला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. दम लागलेल्या माणसाच्या श्वासासारखा इंजिनाचा आवाज वरखाली होऊ लागला. नारिंगी दिवा लुकलुकला आणि कॅप्टननी इंजिन बंद केलं.

वेळ फार नव्हता, आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं. विमान पहिल्यांदा उडवण्याच्या परवानगीवर कॅप्टनचं नाव होतं. त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र तीस नोव्हेंबरला संपत होतं आणि डॉक्टरने सांगितलं होतं की तुमच्या हृदयाकडे बघून यानंतर मी सही करणार नाही. त्याआधी दोन वैमानिक विमान बघून गेले होते. त्यांनी चहा घेतला, छान आहे म्हणाले, आणि परत आले नाहीत. तीस तारखेपर्यंत विमान उडालं नाही तर ते उडवायला दुसरं कोणी नव्हतं. नाना सदुसष्ट वर्षांचे होते आणि त्यांना स्वतःला उडवता येत नव्हतं.

नानांनी झडपेची तार बदलली, स्प्रिंग बदलली, इंधनाचा पंप उघडून पाहिला. दुसऱ्या चाचणीत काटा तसाच नाचला. डब्याच्या सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्या. तिसऱ्या चाचणीतही तेच.

त्या दिवशी कॅप्टन हात धुवायला बाहेरच्या नळावर गेले होते. त्यांचा फोन कामाच्या टेबलावर पडला होता. तो वाजला. नानांनी सहज पाहिलं. पडद्यावर हृषीकेश पोतनीस असं नाव होतं.

नानांनी फोनला हात लावला नाही. तो वाजून थांबला. कॅप्टन पँटला हात पुसत आले, फोन बघितला, खिशात टाकला. कोणाचा होता, असं नानांनी विचारलं. कॅप्टन म्हणाले, ऐसे ही, घरून होता.

घरी जाताना नानांनी स्कूटर दोनदा थांबवली. हृषीकेश गेली दोन वर्षं म्हणत होता की विमान एखाद्या इंजिनियरिंग कॉलेजला देऊन टाका, मुलांना बघायला होईल. कॅप्टनना वर काही झालं तर पोलीस तुमच्या दारात येतील, हेही त्याने सांगितलं होतं. त्याने आणि कॅप्टनने एकमेकांशी बोलायचं काही कारण नव्हतं. बोलत होते तर ते लपवायचंही कारण नव्हतं. दहा सेकंद नीट चालून मग बिघडणारं इंजिन नानांनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. जे आपोआप बिघडतं ते इतकं नेमकं बिघडत नाही, असं त्यांना वाटू लागलं. आतल्या आसनावर बसलेल्या माणसाच्या हाताशी किती बटणं असतात, हे ते आठवू लागले.

चौथ्या चाचणीत ते पंखाशी उभे राहिले नाहीत. काचेजवळ उभे राहून कॅप्टनचे हात बघत राहिले. काटा नाचला. कॅप्टनचे हात जागचे हलले नव्हते. नानांना त्याने बरं वाटलं नाही. हात हलले नाहीत, म्हणजे जे करायचं ते आधीच केलेलं असणार.

चौदा तारखेला नाना डोळे दाखवायला तुकोगंजला गेले. डॉक्टरने बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं होतं, त्यामुळे दुपारी शेडमध्ये शिरले तेव्हा सगळं पांढुरकं दिसत होतं. तरी त्यांना ती रेघ दिसली. इंजिनाच्या दाबलेल्या हवेच्या पेटीवरच्या क्लिपच्या स्क्रूवरची लाल रेघ मधोमध तुटली होती. एक अर्धा इकडे, एक अर्धा तिकडे.

शेडची दुसरी किल्ली कॅप्टनकडे होती.

संध्याकाळच्या आत कॅप्टन आले. नानांनी त्यांना बसायला सांगितलं नाही. क्लिप कोणी उघडली, एवढंच विचारलं.

"मी," कॅप्टन म्हणाले. "मेरेको बैठना है इसमें, नाना. मी बघणार नाही का?"

"मला सांगून बघता आलं असतं."

"तुमको बोलता, तो तुम हाथ लावू देते?"

अकरा वर्षांत कॅप्टनने पान्याला हात लावल्याचं नानांना आठवत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "हृषीकेशचा फोन कशाला आला होता?"

कॅप्टननी टोपी काढली, तिच्या आत बघितलं, पुन्हा घातली. "वो बाद में. इंजन ठीक हो जाए, मग सांगतो."

"आत्ता का नाही?"

"क्योंकि आत्ता तुम सुनोगे नहीं."

नानांनी हात पुढे केला. किल्ली मागितली हे कॅप्टनना कळलं. त्यांच्या जुडग्याची कडी घट्ट होती, नख घालून किल्ली काढायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ नानांचा हात तसाच पुढे होता. शेवटी कॅप्टननी किल्ली हातावर ठेवली नाही. विमानाच्या पंखावर ठेवली आणि ते गेले.

पुढचे सहा दिवस नाना एकटेच शेडमध्ये होते. कॅप्टनने जिथे जिथे हात लावला असेल ती प्रत्येक जागा त्यांनी तपासायला घेतली, आणि हात कुठे लावला नसेल हे ठरवता येत नसल्यामुळे सगळंच तपासावं लागलं. बॅटरीवर चालणाऱ्या दिव्याच्या उजेडात त्यांनी शेकडो रेघा पाहिल्या. बाकी एकही तुटलेली नव्हती. शोभनाबाई दुपारी डबा घेऊन येत आणि दारात थांबत. त्यांना आत यायला कोणी बंदी केली नव्हती, पण खंडेनवमीपासून त्या दारातच थांबत होत्या. दुसऱ्या कुठल्या वैमानिकाला विचारून बघता का, असं त्यांनी एकदा सुचवलं. नाना म्हणाले, आधी या माणसाने काय केलं ते मला कळू दे.

वीस तारखेला सकाळी नानांनी नळ्या काढायला घेतल्या. एकेक नळी काढून तोंडाला लावायची आणि फुंकायची. इंधनाच्या नळ्यांची चव दिवसभर तोंडात राहणार होती, पण पंपाने हवा मारण्यापेक्षा तोंडाला जास्त कळतं, असं त्यांचं मत होतं. डब्याला दाब कळवणारी ती बारीक नळी त्यांनी फुंकली. हवा गेली, पण जितकी जायला हवी तितकी नाही. त्यांनी पुन्हा फुंकलं. मग ब्लेडने नळी टोकापासून उभी कापली.

आत तांदळाचे दोन दाणे होते. फुगलेले, एकमेकांना चिकटलेले, डब्याच्या बाजूला नळी अरुंद होते तिथे अडकलेले. भोवती लालसर गाळ होता.

तेवढंच कारण होतं. दाब वाढायचा, पण दाण्यांमुळे डब्याला ते उशिरा कळायचं, तोवर तो झडप आणखी मिटून घ्यायचा. मग उशिरा कळालं की घाबरून सगळी झडप उघडायचा. एक नळी अर्धी बुजली होती आणि इतकं मोठं यंत्र तिचं ऐकत होतं.

नाना दाणे तळहातावर घेऊन दारापर्यंत आले. शोभनाबाई डबा घेऊन नुकत्याच आल्या होत्या. त्यांचा चेहरा बघून शोभनाबाईंनी डबा खाली ठेवला. नाना म्हणाले, "बघ. मला वाटतच होतं. तांदूळ घातला त्याने आत. क्लिप उघडली ना, तेव्हाच."

शोभनाबाईंनी वाकून तळहाताकडे बघितलं. नखाने एक दाणा उलटा केला.

"अहो, काटा नाचायला लागला तो दोन तारखेला," त्या म्हणाल्या. "क्लिप उघडली चौदाला."

नानांनी तळहात उजेडाकडे धरला.

"आणि हे कुंकू लावलेलं आहे. ही आपली अक्षता आहे."

"आपली असेल. पण तू..."

"मी इथे दारात होते. तुम्हीच उभं केलं होतंत. ताट माझ्या हातातून कोणी घेतलं?"

त्यांनी फोन काढला. हृषीकेशला पाठवलेला फोटो शोधायला थोडा वेळ लागला. नानांचे डोळे आता ठीक होते, तरी त्यांनी फोन उजेडाकडे धरून बोटांनी फोटो मोठा केला. इंजिनावर झेंडूची फुलं होती. ताटलीत लाल टोपणं होती. बारीक नळी जोडायची राहिलेली, तोंड वर करून उभी होती, बोटभर उंच, उघडी. आणि तिच्यावर नानांचा स्वतःचा हात होता, चिमूट सोडताना.

टोपणं त्यांनी परत लावली होती. मोजली होती. नळी जोडताना आत बघायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं, कारण तिच्यावरचं टोपण त्यांनी स्वतः लावलेलं होतं. दुसऱ्या कोणी लावलेलं असतं तर त्यांनी दोनदा बघितलं असतं.

शोभनाबाई जेवायला थांबल्या नाहीत. जाताना म्हणाल्या की नळी बदला आणि चालवून बघा, इतकंच तर आहे. आणि मग थोडं थांबून, वहीत काय लिहाल, असं विचारून गेल्या.

वहीत चार रकाने होते. तारीख, बिघाड, कारण, आणि चौथा, कोणामुळे. कारखान्यातून आणलेली पद्धत. अकरा वर्षांत चौथ्या रकान्यात पत्रेवाल्याचं नाव होतं, वेल्डिंगवाल्याचं होतं, कुरिअरचं होतं, वजनाच्या पानावर नकाशा काढणाऱ्या परदेशी माणसाचं होतं. एका ठिकाणी माकडं असं लिहिलं होतं. नानांचं नाव कुठेच नव्हतं.

दीड हात रबरी नळी होती. नवी लावायला दहा मिनिटं लागली. जुनी कचऱ्यात गेली असती तर कोणाला काही कळलं नसतं. फोटो शोभनाबाईंकडे आणि हृषीकेशकडे होता, पण हृषीकेशला त्यातलं काय दिसणार होतं? कॅप्टनला सांगता आलं असतं की बिघाड सापडला, या. ते आलेही असते. त्यांना उडायचं होतं. नाना वही उघडी ठेवून बसले. त्यांनी आयुष्यभर ज्या सह्यांवर शंका घेतली त्या अशाच तयार होत असतील, एका माणसाने एकट्याने बसून, कोणी बघत नसताना, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी लिहिलं.

दुपारी ते महूला गेले. वही पिशवीत होती, कापलेली नळी आणि दोन दाणे जेवणाच्या रिकाम्या डब्यात.

कॅप्टन व्हरांड्यात बसले होते. नानांनी काही न बोलता वही त्यांच्या पुढे ठेवली आणि डबा उघडला. कॅप्टननी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. चौथ्या रकान्याशी बोट थांबलं. तिथे नानांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, ह. ग. पोतनीस.

"ग्यारह साल," कॅप्टन म्हणाले. त्यांनी मागची पानं चाळली, जणू आणखी कुठे ते नाव राहून गेलं असावं. "और कहाँ-कहाँ चावल फेंका है, नाना? अभी बता दो."

नानांना हसता आलं नाही. ते म्हणाले की किल्ली आणली आहे.

कॅप्टननी किल्ली लगेच घेतली नाही. आधी हृषीकेशचं सांगितलं. हृषीकेशने तीनदा फोन केला होता. तो म्हणाला होता, अंकल, इंजिनात काहीतरी खराबी आहे असं सांगत राहा, तीस तारीख गेली की पापा थकून सोडून देतील. कॅप्टन त्याला म्हणाले होते की बेटा, खराबी तो है, और मैंने नहीं डाली. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही पोराशी बोलणं बंद केलं असतं, असं कॅप्टन नानांना म्हणाले. "और मेरा भी यकीन नहीं करते. केलं असतं का?"

"नाही," नाना म्हणाले.

म्हणजे शंका अगदीच खोटी नव्हती. मुलगा खरोखरच त्यांच्या पाठीमागे बोलत होता. ज्या माणसावर ती शंका घेतली होती तो मात्र त्यात नव्हता. या दोन गोष्टी कुठे ठेवायच्या ते नानांना समजेना. ते खुर्चीच्या कडेवर बसून राहिले.

कॅप्टन आत गेले आणि एक लहान बाटली घेऊन आले. नातीची आहे, म्हणाले, पलकची. जांभळ्या रंगाचं नेलपॉलिश होतं, चमकीचं. "मी उडवणार. पण उड़ाने से पहले मी सगळं उघडून बघणार. तुमचं काम, मेरी आँख. और हर बोल्ट पे मेरी रेघ. मंजूर?"

नाना त्या बाटलीकडे बघत राहिले. चमकी असलेली छटा बाजारात कुठेही मिळते, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं.

"मंजूर," ते म्हणाले.

पुढचे तीन दिवस कॅप्टन विमानाखाली आडवे पडून होते. प्रत्येक क्लिप, प्रत्येक नळी त्यांनी काढून फुंकली. नानांनी हात मागे बांधून उभं राहायचं ठरलं होतं. चुकून बोलायला लागले तर कॅप्टन नुसते बाटली वर करून दाखवत. कॅप्टनना एक सैल क्लिप सापडली. तिच्यावर लाल रेघ होती, अखंड. रेघ ओढली होती, आवळायचं राहिलं होतं. कॅप्टननी ती आवळून शेजारी जांभळी रेघ ओढली. नानांनी स्वतः वही आणली आणि चौथ्या रकान्यात पुन्हा तेच नाव लिहिलं.

चोवीस तारखेला इंजिन पूर्ण ताकदीने पाच मिनिटं चाललं. काटा एकोणचाळीसवर गेला आणि तिथेच राहिला. बाल्कनीतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

अठ्ठावीस तारखेला विमान पंख काढून ट्रकवर चढवलं आणि धारच्या दिशेला एका खाजगी धावपट्टीवर नेऊन पुन्हा जोडलं. जोडताना प्रत्येक बोल्टवर दोन रेघा पडल्या, लाल आणि जांभळी. दुसऱ्या दिवशी उड्डाणाला शोभनाबाई आल्या होत्या. त्यांनी सोबत ताट आणलं नव्हतं. हृषीकेशला नानांनी आदल्या दिवशी फोन केला होता. मला सगळं माहीत आहे, एवढंच म्हणाले होते, आणि वाटलं तर ये. तो आला नाही, पण सकाळपासून आईला दर अर्ध्या तासाने विचारत होता.

कॅप्टन आत बसले. दार ओढण्याआधी त्यांनी नानांना जवळ बोलावलं. नानांना वाटलं काही सांगायचं आहे. कॅप्टननी नुसता टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि इंजिनाच्या झाकणाकडे मान हलवली. नाना वाकले. उजेड टाकून जांभळ्या रेघा पाहू लागले, एकेक, डावीकडून उजवीकडे. कॅप्टनची काम करायची पद्धत त्यांना अजून माहीत नव्हती, म्हणून त्यांना वेळ लागला. कॅप्टन थांबून राहिले.

विमान ठरल्यापेक्षा उशिरा जमीन सोडून वर गेलं. ते जड होतं. पण वर जात राहिलं. शोभनाबाई फोन कानाला लावून मुलाला सांगत होत्या की गेलं, हो, गेलं वर. नाना धावपट्टीच्या कडेला उभे होते. त्यांनी कानातले बोळे काढले. दहा सेकंद मोजले. मग वीस. आवाज वरखाली होत नव्हता. विमान वळलं, पहिल्यांदा त्याचं पोट दिसलं, जाड पत्र्याचं, ऊन पडलेलं.

नाना मोजत राहिले. शोभनाबाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला, हृषीकेशला तुमच्याशी बोलायचंय म्हणून. नानांनी एक बोट वर करून त्यांना थांबवलं.

"अजून खाली यायचाय तो," ते वर विमानाकडे बघत म्हणाले.